एसी रिकामा आलाय, असं बाबा म्हणाला

मी सरकारी कचेरीत भांडार शाखेत बसते. बेलापूरच्या आमच्या इमारतीत खुर्च्या, पंखे, कागदाचे गठ्ठे, प्रिंटरची शाई, जे काही येतं ते आधी माझ्या टेबलासमोर उतरतं. मी 'माल सुस्थितीत मिळाला' असा शिक्का मारते आणि सही करते. इतक्या वर्षांत मी एकही खोका उघडून पाहिलेला नाही. खोका उघडला की जबाबदारी अंगावर येते, हे माझ्या आधीच्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तेव्हा घरी आलेल्या खोक्याच्या बाबतीत मी जो काही गोंधळ घातला, तो अनुभवाच्या जोरावर घातला असं कुणी समजू नये.

घरी आलेला माल म्हणजे एसी. एक लांबट खोका, त्यात भिंतीवर लावायचा भाग. आणि एक चौकोनी, दोघांनी उचलायचा, त्यात घराबाहेर बसवायचा डबा. दोन्ही हॉलमध्ये टीव्हीसमोर उभे केले होते. बसवणारा माणूस दोन दिवसांनी येणार होता, तोवर आम्ही बातम्या नुसत्या ऐकत होतो.

हा एसी बाबासाठी घेतला होता. बाबा म्हणजे माझे वडील. आम्ही मोरा बंदरावरची कोळी माणसं, आमच्यात बापाला अहो-जाहो करायची पद्धत नाही. माझा नवरा मराठवाड्यातला. त्यांच्या घरी वडील आले की खुर्चीवरचा माणूस आपोआप उभा राहतो. लग्नानंतर मी "ए बाबा, इकडे ये ना" म्हटलं की तो वर्षभर दचकत होता. आता दचकत नाही, पण अजून एकदाही त्यानं आमच्या मुलीला तसं म्हणू दिलेलं नाही. ती हॉस्टेलवर गेली, फोनवर 'अहो पप्पा' म्हणते.

आई गेल्यापासून बाबा मोऱ्याच्या घरात एकटा राहतो. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी तो ओट्यावर चक्कर येऊन पडला. शेजारीण सुकी मासळी आत घ्यायला उठली म्हणून तिनं पाहिलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं. डॉक्टर म्हणाले, "ऊन बाधतंय यांना. पुढच्या उन्हाळ्यात एकटं ठेवू नका." ते वाक्य मी वर्षभर डोक्यात घेऊन फिरले. दुपारी फोन वाजला आणि पडद्यावर मोऱ्याच्या शेजारणीचा नंबर दिसला की माझ्या हातातला शिक्का वाकडा पडायचा. बहुतेक वेळा तिला फक्त कोळंबी हवी का, एवढंच विचारायचं असायचं.

म्हणून या एप्रिलात मी बाबाला नेरूळला आमच्याकडे घेऊन आले. तो म्हणाला, "चार दिस रहातो." मी म्हटलं, बरं. मनात म्हटलं, पाऊस पडेपर्यंत सोडत नाही. मला एवढंच हवं होतं. जून लागेपर्यंत तो डोळ्यांसमोर राहावा.

आता आमचं घर सर्वात वरच्या मजल्यावर. दिवसभर गच्ची तापते आणि संध्याकाळी ती सगळी धग आमच्या डोक्यावर उतरते. मोऱ्याला निदान खाडीचा वारा तरी आहे. म्हणजे बापाला उन्हातून उचललं आणि तव्यावर ठेवलं, असा माझा हिशोब. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबानं अंथरुणाची घडी जरा जास्तच नीट घातली आणि म्हणाला, "रविवारी जातो मी."

"का रे? काय कमी आहे इथं?"

"कमी काय नाय."

त्याच दिवशी कचेरीतून परस्पर दुकानात जाऊन मी एसी घेतला. नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, मागं यंत्रांचा आवाज होता. "बाबांना विचारलंस का?" असं तो म्हणाला असावा. मला नीट ऐकू आलं नाही. किंवा आलं.

बाबाबद्दल अजून एक सांगायला हवं. तो आयुष्यभर बर्फाच्या कारखान्यात होता. बोटींना मासळीसाठी बर्फ लागतो, तो तिथं बनायचा. मिठाच्या पाण्याचं भलंमोठं टाकं, त्यात पाण्यानं भरलेले पत्र्याचे डबे, आणि टाक्याभोवती फिरणाऱ्या नळ्यांत अमोनिया. बाबा ऑपरेटर होता. तो अमोनिया नळ्यांत भरायचा तोही त्याच्याच हातानं. कुठं गळतोय असं वाटलं की गंधकाची कांडी पेटवून सांध्याजवळून फिरवायची. पांढरा धूर उठला की गळती तिथंच. पण बाबाला कांडी लागायची नाही, त्याचं नाक पुरायचं. घरी यायचा तेव्हा त्याचे हात गार असायचे. आम्हां पोरांना ताप आला की आई कपाळावर पाण्याची पट्टी ठेवायची नाही, "बाबा येईल आता" म्हणायची. तो यायचा, हात ठेवायचा. अर्ध्या तासानं हात बदलायचा.

तेव्हा गॅस, थंडी आणि यंत्र या विषयांवर आमच्या घरात बाबाचा शब्द शेवटचा. निदान मी तसं धरून चालले.

एसी आला त्या संध्याकाळी बाबानं चौकोनी खोक्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "खोल बघू."

मी आयुष्यात पहिल्यांदा खोका उघडला. आत थर्माकोल, आणि त्याच्या आत तो पांढरा डबा. त्याच्या कुशीला पितळेच्या दोन तोट्या, टोपणं घातलेल्या. बाबानं चष्मा चढवला, एका तोटीच्या बाजूचं छोटं टोपण फिरवून काढलं. आत सायकलच्या ट्यूबला असते तशी बारीक पिन होती. त्यानं कपाटाच्या किल्लीच्या टोकानं ती दाबली. नाक जवळ नेलं. मी आणि नवरा शेजारी उभे.

काही झालं नाही. ना फुस्स, ना वास.

"रिकामं हाय," बाबा म्हणाला आणि टोपण परत लावून टाकलं.

"म्हणजे गॅसच नाही?" मी.

बाबानं हात पुसले आणि बाल्कनीत जाऊन बसला.

माझा नवरा हळूच म्हणाला, "अगं, नवीन एसीत गॅस भरूनच येतो, असं मला वाटतं."

"तुला वाटतं. बाबानं नाक लावून बघितलं."

"हो, पण..."

"तुझ्या बापानं सांगितलं असतं तर उभा राहून ऐकलं असतंस."

हे मी म्हणायला नको होतं. पण तो बिचारा हसला आणि भाकरीचं पीठ मळायला गेला.

मी दुकानात फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, गोड आवाजाची. ती म्हणाली, "मॅडम, सगळे स्प्लिट एसी कंपनीतूनच गॅस भरून येतात. बाहेरच्या युनिटमध्ये असतो. टेन्शन घेऊ नका."

"आमच्यात आलेला नाही."

"तुम्ही कसं चेक केलं मॅडम?"

आता हिला काय सांगणार, कपाटाच्या किल्लीनं? मी कचेरीतला आवाज काढला. म्हटलं, "आमच्याकडे या क्षेत्रातला तीस वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती आहे. त्यांनी तपासणी केलेली आहे. तुमच्या माणसाला गॅसची टाकी घेऊन पाठवा आणि आमच्यासमोर भरून द्या. नाहीतर माल परत न्या."

बाल्कनीतून बाबा ओरडला, "परत न्या म्हन!"

बाप पाठीशी उभा आहे म्हणून मला आणखी चेव आला. 'लेखी तक्रार' हे शब्द मी दोनदा वापरले. ती मुलगी शेवटी म्हणाली, "मॅडम, उद्या आमचे सीनियर येतील." फोन ठेवल्यावर मी नवऱ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तो तव्याकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार, मला सुट्टी. खाली जिन्यात दोन शेजारणी भेटल्या तर त्यांनाही मी सांगून टाकलं, "रिकामा एसी पाठवला हो! आमच्या बाबानं पकडलं." त्यातली एक म्हणाली, "बाई बाई, आमचापण बघायला सांगा ना त्यांना." बाबाला मी वर येऊन हे सांगितलं, वाटलं खूश होईल. तो नुसता "हं" म्हणाला. उद्या रविवार होता, तो कोपऱ्यात आपले कपडे नीट करत होता.

अकराच्या सुमाराला तो सीनियर आला. चाळिशीचा माणूस, केस पिकायला लागलेले, एका खांद्यावर हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात छोटा पंप, आणि बगलेत, माझ्या हुकुमानुसार, गॅसची टाकी. पाच मजले चढून आला होता, लिफ्ट नेमकी बंद होती. त्यानं पाणी मागितलं, प्यायला, आणि मग डब्यासमोर उकिडवा बसला.

"कुठली पिन दाबली होती, ताई?"

मी दाखवली.

"आणि आवाज नाही आला."

"आवाज नाही, वास नाही."

"वास तर येणारच नाही ताई, हा गॅस तसला नाही. आणि आवाजाचं म्हणाल तर," तो टोपण बोटांत फिरवत म्हणाला, "गॅस आत कोंडलेला आहे. हे दोन वॉल्व्ह कंपनी बंद करून पाठवते. ही पिन आहे ती वॉल्व्हच्या बाहेरच्या अंगाला, नळीच्या बाजूला. घराच्या दाराला कुलूप असताना बाहेरची बेल दाबली तर आतला माणूस बाहेर येईल का?"

"बेल दाबली की माणूस येतोच," मी म्हटलं. मला भांडायची सवय नाही, पण एकदा लागली की सुटत नाही.

नवरा खोकला. त्या माणसानं मात्र शांतपणे सांगितलं, "मी तेच सांगायलोय ना ताई. आम्ही आधी दोन्ही डबे तांब्याच्या नळीनं जोडतो. मग या पिनेवर पंप लावून नळीतली हवा ओढून काढतो. हवा राहिली, तर हवेतलं पाणी राहतं आणि मशीन खराब होतं. दाबाचा काटा खाली गेला आणि खालीच टिकला, की मग चावी फिरवून वॉल्व्ह उघडायचा. तेव्हा कुठं गॅस नळीत येतो. वरून भरायचा नसतो. भरलेल्यात भरलं तर कॉम्प्रेसर बसतो. नळी फार लांब असली तरच थोडा घालावा लागतो."

"पण आमचे वडील तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात होते, ते..."

तो उठला, बाल्कनीच्या दाराशी गेला आणि बाबासमोर जरा वाकला. मराठवाड्यातलाच असणार तो, वाकणं तिथलं होतं. "बाबा, ताई म्हणतात तुम्ही बर्फाच्या कारखान्यात होता. तुम्हीच सांगा. वॉल्व्ह बंद असताना पुढच्या बाजूची पिन दाबली, तर काय येईल?"

बाबानं बाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसला होता.

"काय येनार?" बाबा म्हणाला. "काय नाय."



"बाबा," मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"तीस वरसं वॉल उघडले नि बंद केले मी. मना ठाव नसनार?"

"मग रिकामं हाय असं का म्हणालास?"

"पिन रिकामीच होती."

"बाबा!"

तो खुर्चीतच माझ्याकडे वळला. धोतर गुडघ्यापर्यंत ओढलं आणि दोन्ही गुडघे उघडे केले. सुजलेले, मधे खळी नसलेले, दोन नारळ ठेवल्यासारखे. ते मी रोज पाहत होते. "हे बघ. हे कशानं झालं? तीस वरसं बर्फात उभा राहिलो. सुटलो तवा तुज्या आईला म्हटलं, आता मरेपर्यंत थंड पानी पन पिनार नाय. नि तू मना परत त्या टाक्यात घालतंस."

साऱ्या खानदानात थंडीचा पुरता वीट आलेला एकच माणूस होता, आणि मी नेमकी त्यालाच थंडी भेट दिली होती. वर त्याच्या नावानं एका गोड मुलीला लेखी तक्रारीची धमकी दिली होती आणि एका माणसाला टाकी घेऊन पाच मजले चढायला लावलं होतं.

"मग मला नको म्हणून सांगायचंस ना," शेवटी मी म्हटलं.

"तू विचारलंस कवा? खोकाच आला."

नवऱ्यानं चहा आणला. त्यानं आधी बाबाला दिला, मग त्या माणसाला, मग मला, आणि मला टोमणा मारायची एवढी संधी असूनही त्यानं ती घेतली नाही. त्याचे उपकार मी तेवढ्यासाठी मानते.

माणसानं चहा संपवून कप खाली ठेवला. "मग ताई, काय करू? बसवू, की परत घेऊन जाऊ?"

"न्या परत," मी म्हटलं. मला एसीचं काही नव्हतं. एसी गेला की बाबाही गेला, उद्या सकाळी, असं मला दिसत होतं. मे महिना अजून पुढं पडला होता आणि मोऱ्याचा तो ओटा डोळ्यांसमोर आला. मी बाबाशेजारी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "बाबा, मला भीती वाटते रे. तू तिथं पडशील आणि मला कळणार नाही. म्हणून केलं. दुसरं काय करायचं मला सुचलं नाही."

हे वाक्य मी त्याला वर्षभरात एकदाही बोलले नव्हते. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं होतं, औषधं सांगितली होती, टोपी घाल म्हटलं होतं.

बाबा बराच वेळ बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिला. चहा केव्हाच निवला होता. मग त्या माणसाला म्हणाला, "परत कशाला नेतोस? माल बरा हाय. माज्या डोक्यावर नको, एवढंच."

"मग कुठं लावू?"

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठला. सगळ्या घरातून फिरला. आमच्या झोपायच्या खोलीत गेला, दार पूर्ण उघडलं, परत बंद केलं, अर्धं उघडलं. खाली वाकता येत नाही म्हणून नवऱ्याला दाराजवळच्या फरशीवर हात ठेवायला लावला. "थंडी पान्यासारखी असते," तो म्हणाला. "वरून पडते नि खालून वाहते. ज्याच्या अंगावर पडते त्याला खाते. ज्याच्या पायाशी येते त्याला झोप देते. यांच्या खोलीत लाव. दार अर्धं उघडं राहील. मी हॉलमधे पलंग टाकीन."

तो माणूस हसला. "बाबा, पण मग बाहेरचा डबा लांब पडेल. सोसायटी पुढच्या बाजूला लावू देत नाही, मागच्या डक्टमध्येच, पाइपांच्या मोकळ्या जागेत, लावायचा. नळी जास्त जाईल."

"जाऊ दे. मग थोडा गॅस घालशील."

"हो, घालावा लागेल थोडा. वजन करून."

मी मान वर केली. "म्हणजे टाकी लागणारच?"

"लागणार ताई."

"मग मी आणायला सांगितली ते..."

"बरोबरच केलंत," तो म्हणाला. चांगला माणूस होता. नवरा मात्र आत जाऊन एकटाच हसला, ते मला ऐकू आलं.

दुपारभर काम चाललं. भिंतीला भोक पडलं, घरभर लाल धूळ झाली. बाबानं खुर्ची डक्टच्या खिडकीशी ओढून घेतली आणि प्रत्येक गोष्टीवर नजर ठेवली. पंप लागला तेव्हा दोघंही त्या घड्याळासारख्या काट्याकडे पाहत बसले. काटा खाली गेला. पंप बंद केल्यावर पंधरा मिनिटं तिथंच राहिला. "टिकला," बाबा म्हणाला. मग त्या माणसानं षटकोनी चावीनं वॉल्व्ह उघडला. आत कुठंतरी बारीक सळसळ झाली. बाबानं कान जवळ नेला आणि मान हलवली. सांध्यांवर साबणाचा फेस लावला, फेस फुगला नाही. शेवटी टाकी वजनकाट्यावर ठेवून थोडासा गॅस घातला. मी विचारलं, किती? तो म्हणाला, "चहात साखर घालतो ना ताई, तेवढ्यानं काय होतंय. पण नाही घातली तर चव कळते."

एसी सुरू झाला. आमच्या खोलीत गार वारा पडला. बाबा आत आलाच नाही. तो हॉलमध्ये अनवाणी उभा राहून पाय इकडे सरकव, तिकडे सरकव करत होता, दारासमोरून एका अंगाला, भिंतीकडे. एका फरशीवर थांबला.

"इथं," तो म्हणाला. "उशी तिकडं, पाय इकडं."

नवऱ्यानं पलंग ओढला. टीव्हीची वायर आडवी येत होती, ती काढली. सोफा वाकडा झाला आणि स्वयंपाकघरात जायला तिरकं व्हावं लागायला लागलं. बाबा पलंगावर आडवा झाला, गुडघ्यांवर चादर घेतली, तोंड उघडं. पंखा त्यानं मंद करायला लावला. आम्ही दोघं उभे राहून पाहत होतो, त्यानं काही म्हणावं म्हणून.

डोळे मिटूनच तो म्हणाला, "सोमवारी कचेरीतून येताना दोन गंज्या घेऊन ये. या फाटल्या."

सोमवार रविवारच्या नंतर येतो. हे मी दोनदा मोजून पाहिलं. मग म्हटलं, "बरं. कुठलं माप?"

"तुला ठाव नाय?"

मला ठाऊक नव्हतं. पण या वेळी मी विचारलं, आणि त्यानं सांगितलं. सोमवारी मी सहा गंज्या आणल्या. बाबानं त्या एकेक उलगडून पाहिल्या, परत घड्या घातल्या, आणि दोन म्हटल्या होत्या असं काही न म्हणता सगळ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या.